पंख्यातली फोडणी

तापलेला लॅपटॉप मी फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. दूध काढायला गेलेल्या मीनाला, म्हणजे आमच्या सौ.ना, तो लगेच सापडला. दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच ती नोकरी शोधत होती, आणि हा लॅपटॉप तापून सारखा बंद पडत होता. ती तो पदराखाली धरून थेट इक्बालभाईंकडे निघाली. मागून मी.

महाडच्या बाजारात इक्बालभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. आखातात एसी दुरुस्त करून परतलेला, दाढीला मेंदी लावणारा उंच माणूस. यंत्र पुढ्यात आलं की तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा आधी उलटा हात लावायचे. "पहिलं मशीन बोलेल, मग मालक," असं वर म्हणायचे.

मीनानं फ्रिजचं सांगितलंच.

"दादा, पापलेट समजलाव काय याला?"

त्यांनी खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी तेलकट काजळीचा थर. चिमटीत धरून हुंगला. "ही रस्त्याची धूळ नाय. फोडणी हाय ही. ठेवता कुठं?"

"स्वयंपाकघरातल्या माळ्यावर," मी म्हणालो. "चालूच असतो, चार्जिंगला."

घरात पुराचं पाणी शिरल्यापासून मी कामाची प्रत्येक वस्तू वर चढवतो, अगदी भर उन्हाळ्यातही. सगळे मला हसतात. इक्बालभाई हसले नाहीत. त्यांचीही हत्यारं छताला टांगलेली होती.

पंखा फिरू नये म्हणून बोटानं धरून त्यांनी एकेक पातं ब्रशनं पुसलं. तोवर मुलाखतीची वेळ झाली. घरी जायला सवड नव्हती. त्यांनी मीनाला काउंटरवरच बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि मला घेऊन पायरीवर बसले. "तुमी आत नको. सल्ले द्याल." मग येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत राहिले, "आत वैनींचा इंटरव्ह्यू हाय, आवाज करू नका!"

लॅपटॉप शेवटपर्यंत चालला. नोकरी मिळाली.

गेल्या हिवाळ्यात इक्बालभाई झोपेतच गेले. त्यांच्या घरच्यांना भेटून परतताना मीना म्हणाली, "मला नोकरी लागली तेव्हा जो तो विचारायचा, आता घरी जेवणाचं कसं? तुम्हीसुद्धा. त्यांनी एकट्यांनी विचारलं, 'वैनी, काम आवडलं का?'"