तमंच्याचा एक स्क्रू

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका... सांभाळून घ्या. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या राज्यातली. तिथे सगळा जोर उर्दूवर. नात म्हणते, मासिकात असे अनुभव छापतात, लिही. लिहिते आहे, पण पाठवायचा धीर होईल असं वाटत नाही. आणि आधीच सांगते — भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही.

माहेर नांदेडचं, दिलं लातूरला. गंजात, म्हणजे बाजारपेठेत, आमचं दुकान, मागे दोन खोल्या. आमचे हे कुलपं, कंदील, तराजू दुरुस्त करायचे. कधी ओळखीच्या कुणाची बंदूक. सुटे भाग घासलेटात धुण्याचं काम माझं. खोललेला प्रत्येक भाग ते फडक्यावर डावीकडून ओळीने मांडायचे आणि जोडताना उजवीकडून उचलायचे. बारीक स्क्रू मात्र ओठांत धरायचे. एकदा मीही तसं केलं, तर केवढ्याने ओरडले, "गिळशील येडे!" त्यानंतर मी कधी तोंडात स्क्रू धरला नाही.

एक म्हातारे जमादार जुना तमंचा घेऊन आले. सहा गोळ्यांचा, विलायती. मूठ झिजून गुळगुळीत, चक्र जंगाने घट्ट बसलेलं. जावयाला द्यायचा होता. वीस रुपये विसार दिला. त्या दिवशी यांची दाढ दुखत होती, म्हणून तोंडात लवंग धरून कामाला बसले. मी आत चक्र घासत होते. दुकानात काही पडल्यासारखं वाटलं... जाऊन पाहते तर हे फडक्याशेजारी कलंडलेले. दातखीळ बसलेली. तीर्थ घातलं तेही ओठांच्या कडेने वाहून गेलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. हातात लिंग देऊन बसवलं आणि माती दिली. विसार त्यातच गेला.

महिन्याने जमादार आले. "बाई, हमारा घोडा कब दौडेगा?" तमंच्यात गोळीवर आपटतो त्या भागालाही घोडाच म्हणतात, त्यावर त्यांचा विनोद.

सासूबाई कडाडल्या, "माणूस गेला, अन् तुमाला घोड्याचं पडलंय व्हय?"

ते एकदम नरमले. "अफसोस है अम्मा, मालूम नव्हतं. पण तमंचा पूरा द्या, न्हाई तर विसार वापस. पैसा जावयाचा है."

घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती — यांच्या हत्यारांची पेटी. ती जाऊ नये म्हणून तमंचा जोडायला मीच बसले. फडकं तसंच होतं, ओळही तशीच. नळीत चिंधी फिरवली, कमानीला, म्हणजे आतल्या स्प्रिंगला, तेल दिलं, उजवीकडून एकेक उचललं. सगळं बसलं. पण बाजूची पट्टी आवळायचा स्क्रू नव्हता. दुकानातली धूळ चाळणीने चाळली. तसा स्क्रू मिळतो का पाहायला पट्टी नांदेडला भावाकडे पाठवली. त्याने परत पाठवली, असे आटे इथे कुणाकडे नाहीत म्हणून.

सासूबाई म्हणाल्या, "बारीक इस्कुरू तर त्यो तोंडात..."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. ती दातखीळ आम्हा दोघींच्याही डोळ्यांपुढे आली असणार.

पुढच्या बाजाराला जमादार येणार होते. आदल्या दिवशी, भर उन्हाची वेळ, मी उगाच पुन्हा पट्टी पुसत बसले होते. सासूबाई समोर जवस निवडत होत्या. जिभेला काहीतरी गार लागलं. ओठांत स्क्रू होता.

तोंडात घासलेटाची चव... आणि लवंगेची. आमच्या घरात त्या दिवसापासून लवंग आली नव्हती.

तो काढून पट्टीत बसवून पाहिला. आटे बरोबर लागले, पट्टी आवळली गेली. सासूबाई रडत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तसाच. काम पुरं झालं त्याचं. पेटी बी वाचली."

मी तो परत काढला आणि सासूबाईंना म्हटलं,

"न्हाई हो आत्याबाई. ह्यो न्हाई द्यायचा."

जमादारांना दाराआडून सगळं खरं सांगितलं. माझ्या तोंडून परक्या पुरुषाशी एवढे शब्द कधी निघाले नव्हते. ते म्हणाले, "झूट असतं तर तू याहून बरं बोलली असतीस. रख. मैं तार से बांध लूंगा. मगर विसार तो देना पडेगा, बेटी. थोडा थोडा दे."

दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर पदर घेऊन दुकानात बसू लागले. कुलपं, कंदील. बाया हसल्या, गिऱ्हाइकं मात्र आली.

नात म्हणते, स्क्रू पदरात अडकला असेल, नकळत तोंडात गेला असेल. असेलही. पण पदर मी किती वेळा धुतला होता... मला काही सांगता येत नाही. स्क्रू कुंकवाच्या करंड्यात आहे. करंडा हे गेल्यापासून रिकामाच होता.

शेवटचा रुपया घ्यायला जमादार आले तेव्हा म्हणाले, "एक बार दिखा." मी करंडा पुढे सरकवला. त्यांनी स्क्रू तळहातावर घेतला, नाकाशी नेला.

"लौंग," ते हळूच म्हणाले.

लवंगेचं तेवढं मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी स्क्रू जपून परत ठेवला, रुपया उचलला आणि पैसे फिटले म्हणून दोन्ही हात कपाळाला लावून गेले.