सेंटर फॉरवर्डच्या बदलीचा अर्ज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. मी जपानमध्ये एका इंग्रज फुटबॉलपटूच्या बदलीचा अर्ज केला होता. होय, मी! आणि तोही त्याला न विचारता!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि लेकीकडे नागोयाला गेलो. जावई श्रीकांतराव मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचे साहेब तनाकासान शेजारच्याच इमारतीत राहायचे. गावच्या फुटबॉल संघाच्या चाहता-मंडळाचे ते अध्यक्ष, आणि संघाचा इंग्रज सेंटर फॉरवर्ड हे त्यांचं कुलदैवत.

एका रविवारी त्यांनी मला कुलदैवताच्या कात्रणांचं बाड दाखवलं. काय माणूस होता हो! दोन बचावपटू अंगाला लोंबकळत असताना हा डोक्याने चेंडू असा जाळ्यात ठेवायचा, जणू फडताळात डबा ठेवतोय. पण मी पडलो कारकून. माझी नजर तारखांवर. चौदा वर्षांत दहा क्लब, पाच देश!

"तनाकासान, नऊ ट्रान्स्फर?"

"हाय! नाइन!" जपानी 'होय' म्हणत तनाकासाननी अभिमानाने नऊ बोटं नाचवली.

माझ्या काळजात चर्र झालं. आमच्याकडे इतक्या बदल्या दोघांच्याच होतात: फार खाणाऱ्याच्या, नाहीतर अजिबात न खाणाऱ्याच्या. ह्याचा चेहरा सज्जनाचा. म्हणजे वरचा कुणीतरी डूख धरून बसलेला! त्यात दहावी बदली होणार अशी कुजबुज. त्या काळजीने तनाकासानना जेवण जात नव्हतं.

मग काय, घेतला कागद! 'सदर इसमाच्या बदल्या कृपया थांबवाव्यात. वृद्ध मातापित्यांचा विचार करून त्यास निवृत्तीपर्यंत स्वगावी नेमणूक द्यावी.' हे सगळं साहेबी इंग्रजीत, समास सोडून.

तनाकासानचं इंग्रजी माझ्या जपानीपेक्षा बरं, इतकंच. 'बदल्या थांबवा' एवढं त्यांना कळलं आणि डोळे भरून आले. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. खिशातून शिक्का काढला आणि दाबला!

तिथे सहीपेक्षा शिक्क्याला मान. एका गोल शिक्क्यासाठी मी चौतीस वर्षं साहेबांच्या दारात उभा राहिलो, आणि इथे मासेवाल्याकडेसुद्धा स्वतःच्या नावाचा शिक्का! शनिवारपर्यंत अर्जावर एकेचाळीस लाल शिक्के जमले. इतका देखणा अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

शनिवारी सराव संपल्यावर आमचं शिष्टमंडळ मैदानावर. दुभाषे म्हणून श्रीकांतराव. तनाकासाननी कमरेत वाकून अर्ज खेळाडूच्या हातात दिला. श्रीकांतरावांनी बाजूने डोकावून तो पहिल्यांदाच वाचला, आणि त्यांचा रंग उडाला.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"का? इंग्रजी चुकलं?"

"इंग्रजी उत्तम आहे! ह्याने इथेच राहावं म्हणून हे लोक देव पाण्यात घालून बसलेत, आणि तुम्ही ह्याला इंग्लंडला धाडायला त्यांचेच शिक्के घेतलेत! साहेबांना कळलं तर बदली माझी होईल!"

खेळाडूने अर्ज दोनदा वाचला. एकेचाळीस आशाळभूत चेहरे पाहिले. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि श्रीकांतरावांना म्हणाला, "ह्यांना सांगा, अर्ज मंजूर. पुढच्या हंगामातही मी इथेच."

तनाकासान रडले. श्रीकांतराव बसले, तेही गवतात.

नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईवडील मजेत आहेत. पण मला कुणी हाकललं नाही हो. आमच्यात दुसऱ्याला आपण हवे असलो तरच बदली होते. नऊ वेळा कुणीतरी मला मागून नेलं. तुमच्या किती झाल्या?"

"एकही नाही!" मी छाती पुढे काढली. "चौतीस वर्षं एकच टेबल!"

तो माणूस एकदम गंभीर झाला. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाला,

"फार वाईट वाटलं ऐकून."