‘माहीत आहे’ म्हणायचं नाही

चंद्रपूरच्या माणसाला चंद्रपूर पाहायला पाहुणा लागतो. पुण्याची आतेबहीण आली, नागपूरचा जावई आला, की आपण महाकालीला जातो, गावाभोवतीच्या परकोटाचा दरवाजा दाखवतो, ताडोबाच्या गेटपर्यंत जाऊन येतो. पाहुणे गाडीत बसले की शहराकडे पुन्हा पाठ. मी परकोटाच्या आत जन्मले, सरकारी कचेरीत आवक-जावक लिहीत निवृत्त झाले, आणि माझ्याकडे पाहुणेही फारसे आले नाहीत. मी काय पाहिलं असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

माझी मैत्रीण वरच्या मजल्यावर राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या शहराला तिने सुया टोचलेल्या, म्हणून अर्धं शहर तिला सिस्टर म्हणायचं. नवरा लवकर गेला, एक मुलगी पुण्याला दिलेली. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आम्हा दोघींचा संध्याकाळचा चहा वर्षानुवर्षं एकत्रच व्हायचा, आणि कुठे जायचं तर मी तिच्यासोबतच जायची. एकटीने माझी धाव भाजी, बँक आणि देऊळ एवढीच. हॉटेलात तर कधीच नाही. आमच्या घरी बाईमाणूस एकटं हॉटेलात बसत नसे, आणि कचेरीत चहा टेबलावर यायचा, त्यामुळे ती सवय मोडायची वेळच आली नाही.

आषाढात एका संध्याकाळी ती खाली आली आणि चहाला हात न लावता म्हणाली, “पोरीले दिवस गेले. म्हणते, आई, आता इकडंच ये, कायमची. दिवाळी झाली का मी जाईन म्हणते.”

मी म्हटलं, “बरं झालं.” आणि दोन दिवस दार उघडलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. दुःख झालं की मला आधी राग येतो.

तिसऱ्या दिवशी तिने दार ठोकलं ते उघडेपर्यंत. “काऊन गं, मी मरून राह्यली का? पुण्याले जाऊन राह्यली. मी काय म्हणते, जायच्या पह्यले गाव पाहून घेऊ. इतकी वर्षं राह्यली, काई पाह्यलं नाई.”

खरं सांगते, माझ्या मनात लगेच पाप आलं. मला वाटलं, हिला आपलं शहर असं दाखवू, असं दाखवू, की पुण्याचं तिकीट हिच्या हातून सुटून पडेल. मी हो म्हटलं. नियम तिने घातला: दर रविवारी एकीने यजमान व्हायचं, दुसरीने पाहुणी. यजमानीण नेईल तिथे पाहुणीने जायचं, दाखवेल ते पाहायचं, आणि काही झालं तरी ‘मले माहीत हाये’ म्हणायचं नाही.

पहिला रविवार माझा. मी तिला बिनबा गेटजवळ परकोटावर चढवलं. म्हणजे चढवलं तिनेच, मी फक्त बोट दाखवलं. दगडी पायऱ्या उंच, गवत ओलं, माझे गुडघे वाजत होते. वर पोचलो. भिंत कसली, रस्ताच तो. दोघी शेजारी हात पसरून उभ्या राहिलो तरी जागा उरली. एका बाजूला इरई पाण्याने भरलेली, पलीकडे हिरवंगार, दूर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर. दुसऱ्या बाजूला आपलं शहर, कौलं, टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं त्या भिंतीच्या कुशीत. किती गोंड राजे आले न् गेले, कोणी हे दगड उचलले, कोणी बसवले, आणि आम्ही ह्याच परकोटाच्या जटपुरा गेटला आयुष्यभर काय म्हणत आलो, तर ट्रॅफिकचं कारण. काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात, तो माझ्यासाठीच म्हटला असावा. मला फार लाज वाटली आणि फार आनंद झाला, दोन्ही एकदम.

“गावाले एवढी मोठी भिंत हाये, मले माहीतच नव्हतं,” ती पाहुणीसारखं म्हणाली. माझ्याही बाबतीत ते खरंच होतं.

खाली उतरून खायला नेणं यजमानिणीचं काम. सांबारवडी खाऊ घालायची, असं मी ठरवलं होतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिचं सारण भरून तळलेली ही वडी कढी नाहीतर झणझणीत तर्रीसोबत खातात. हॉटेलाच्या दारात मी गेले आणि थांबले. आत सगळे पुरुष, मालक कढईमागे. मला ‘दोन प्लेट’ एवढे दोन शब्द सांगता येईनात. पुरा जन्म मी सरकारी टपालावर शेरे मारले, साहेबांना उलट उत्तरं दिली, आणि इथे पाय उचलेना. शेवटी तीच पुढे झाली, खिडकीजवळचं टेबल धरलं, आणि मालकाशी हळू काही बोलली. माझ्याकडे बोट दाखवलं. दोघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वडी इतकी चांगली होती की भांडण मी घरी जाईपर्यंत लांबवलं, आणि मग विसरले.

पुढचा रविवार तिचा. ती मला बाबुपेठेत घेऊन गेली, तिच्या माहेरच्या वस्तीत, जिथे घरोघरी दारावर निळी नाहीतर पंचरंगी पताका दिसते. तिथे उघड्यावर प्रचंड मूर्ती पडून आहेत, एकेका दगडात कोरलेल्या. त्यातली दहा तोंडांची आडवी मूर्ती तिने दाखवली. लोक तिला रावण म्हणतात. जाणकार सांगतात की ती देवी आहे. देऊळ बांधणारा मधेच गेला आणि सगळं अर्धवट राहिलं, असं म्हणतात. मी त्या दगडाच्या डोक्यापासून पायापर्यंत चालत गेले, आणि चालणं संपेना. वरची रेघ न् रेघ हाताने काढलेली. कोणाचे हात, काही ठाऊक नाही.

“माही माय ह्याच्या पोटावर मूगवड्या वाळू घालाची,” ती म्हणाली. “दगड तापला का दोन दिवसांत कडक वाळत. आम्हा पोरींचं काम, कावळे हाकलाचं. आता कोणी असं करू नाई देत, बरोबरच हाये.”

माझ्या डोळ्यांसमोर ती परकरातली पोर उभी राहिली, हातात काडी घेऊन रावणाच्या पोटावर बसलेली. इतक्या वर्षांच्या चहात तिने हे मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्या मूर्तीइतकंच मला त्या दिवशी तिचं नवल वाटलं.

श्रावणात आम्ही गोल बाजारात गेलो. जंगलातल्या गावांहून पहाटे निघालेल्या बाया ओळीने बसलेल्या. पानांवर बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, आणि सात्या, वारुळावर पावसात उगवणारी पांढरी अळिंबी. माझ्या घरी हे कधी आलं नाही. आम्ही वांगी-बटाट्याची माणसं. ती मात्र एका म्हाताऱ्या बाईपुढे उकिडवी बसली, एकेक सात्या उचलून वास घेतला, मला घ्यायला लावला. मातीचा आणि कशाचा तरी ओळखीचा वास. जंगल आपल्यापासून किती जवळ आहे, हे मला त्या वासाने कळलं. इथेही ती त्या बाईच्या कानाशी लागून काही बोलली. बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. मी विचारलं, “काय सांगितलंस?” तर म्हणे, “पाहुणीनं विचारू नये.”

असे रविवार सरत गेले आणि माझा डाव काही लागू पडेना. ती प्रत्येक ठिकाणी खूश व्हायची आणि घरी येऊन एक पेटी भरायची.

दसऱ्यानंतर शेवटचा रविवार माझा होता. मी वैनगंगेकाठचं मार्कंडा निवडलं, तिथल्या जुन्या देवळासाठी. एसटीने आधी मूल गाव, मग वैनगंगेच्या पुलावरून चामोर्शी, तिथून ऑटो. यात्रेची गर्दी नव्हती. देवळाच्या दगडावर इंचभर जागा कोरी नाही. नाचणारे, लढणारे, आरशात पाहणारी बाई, हत्ती, माकडं. दुरुस्तीचं काम चालू असलेल्या भागात दगड उतरवून, आकडे घालून अंगणात मांडलेले. खाली वैनगंगा, तिथे ती वळून उत्तरेकडे वाहते. आम्ही घाटावर बसलो. एवढं सगळं पाहून माणूस लहान होतो, आणि लहान झालं की रडू येतं. मी म्हणाले, “जाऊ नको.”

ती माझ्याकडे वळली. “तुले काय वाटते, मले झोप लागते का? पोरीले तिकडं कोणी नाई. मी तर जाईन. पण तू एकटी कुठी जात नाईस, दार लावून बसतेस, हेच मले लागून राह्यलं.”

“मी माझी समर्थ आहे,” मी म्हटलं. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत आलो, ती तिच्या खिडकीतून, मी तिच्याच खिडकीतून.

दिवाळी झाली आणि ती पुण्याला गेली. मी दार लावून बसले, ती म्हणाली होती तशीच. दोन-तीन आठवडे चहा एका कपाचा केला, तो बिघडायचा. वरच्या मजल्याच्या पायऱ्यांकडे मी पाहत नसे. मग एका रविवारी मला स्वतःचाच इतका राग आला की चप्पल घातली आणि निघाले. ठरवलं होतं, सांबारवडीच्या हॉटेलापर्यंत जायचं, दारातूनच परत फिरायचं.

दारात थांबलेच. कढईमागून मालकाने मान वर केली. “या ना बाई. खिडकीजवळची जागा तुमचीच हाये.”

मी आत जाऊन बसले. मी काही सांगायच्या आत प्लेट आली, वडी, तर्रीऐवजी कढी, सोबत पाणी. मला तर्री सोसत नाही, हे त्याला कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

“सिस्टर सांगून गेल्या ना. पह्यल्याच दिवशी. म्हणाल्या, दिवाळीनंतर ही एकटी येईन, दारात थांबून राहीन, तर तुम्ही बोलवा. मी रोज रस्त्याकडं पाहून राह्यलो होतो, तुम्ही लई दिवस लावले.”

डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून मी कढीत तोंड घातलं. मग उठून गोल बाजारात गेले. सात्यांचे दिवस सरले होते. ती म्हातारी बाई आता वाळलेले वास्ते घेऊन बसली होती. मला पाहून तिने काही न विचारता बाजूचं पोतं झटकलं आणि बसायला दिलं. “तू दवाखान्यातल्या बाईची मैतरीण न? हे रात्री भिजवाचे, पाणी फेकून द्याचं, मंग शिजवाचे. तुले येत नाई म्हणे.”

मी समजत होते की मैत्रिणीला मी धरून ठेवते आहे. सगळा वेळ ती शहराच्या एकेका माणसाच्या हाती मला सोपवत होती, आणि मी शेजारी उभी राहून रागावत होते.

संध्याकाळी तिला फोन लावला. पलीकडे मिक्सरचा आवाज, मुलीचा आवाज, मग ती. “काऊन गं, जेवली का?”

मी म्हटलं, “ऐक. आमच्या चंद्रपुरात एक सांबारवडीचं हॉटेल आहे. खिडकीजवळ बसायला जागा असते. तू ये, मी तुला नेईन. प्लेटा मी सांगीन.”

पलीकडे मिक्सर बंद झाला.

“हो का?” ती म्हणाली. नियम तिचाच होता. “मले माहीतच नव्हतं. कशी राह्यते गं ती सांबारवडी?”