निऱ्यांनी हललेला चेंडू

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मी आया होते. नवरा रेल्वेत होता, तो वारला. चौथी शिकलेल्या बाईला मद्रासमध्ये दुसरं काय मिळणार? विद्यापीठात मुलांचा गोल्फ आधीपासून चालू होता. साठ सालाच्या सुमाराला मुलींचाही सुरू केला आणि अट घातली की बरोबर एक बाई हवी. दुसरी कोणी उन्हात जायला तयार होईना, म्हणून मला पाठवलं.

मुलं सकाळच्या गारव्यात खेळायची, अर्ध्या चड्डीत. मुलींना दुपारी तीनची वेळ आणि मुलांनी टाकून दिलेल्या काठ्या. शिवाय फलकावर कागद लावला होता की मुलींनी साडी नेसूनच खेळावं. मैदान शहराबाहेर, तांबरमच्या वाटेवर होतं. चेंडू ज्यात घालायचा त्या होलभोवती गवत नव्हतं, तेल घालून चोपलेली वाळू होती. मुलींचं खेळून झालं की पावलांचे ठसे पुसायला मी वाळूवरून फळी ओढायची.

खेळणाऱ्या चौघींपैकी एक वेस्ट मांबलमची, तंजावरकडच्या मराठी घरातली. मला अक्का म्हणायची. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की निवड झाली तर वर्षभर खेळ, नाही तर पोंगलनंतर लग्न. स्थळांच्या पत्रिका आल्याही होत्या. बंगलोरच्या सामन्यांना तिघी जाणार होत्या. दोन दिवस खेळवून जिचे फटके सगळ्यांत जास्त, ती गळणार.

पहिल्या दिवशी एका होलपाशी ती शेवटच्या छोट्या फटक्यासाठी वाकली. वारा सुटला होता. तिच्या निऱ्यांची कड चेंडूला लागली आणि तो सरकला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चेंडू होलमध्ये घातला.

खेळ संपल्यावर दुसरी मुलगी खेळ शिकवणाऱ्या मास्तरांना म्हणाली, "चेंडू हलल्यासारखा वाटला. पण मी लांब होते."

मास्तरांनी हिला विचारलं. ही वाकून निऱ्या सारख्या करायला लागली. मग ते माझ्याकडे वळले. "आया, तुम्ही जवळ होता."

"हलला," मी म्हणाले. "चार बोटं."

हललेल्या चेंडूबद्दल एक फटका दंड पडला आणि त्या दिवशी ती चौथी झाली.

स्टेशनच्या वाटेवर ती भडकली. "अक्का, आपल्याच माणसाचा गळा कापतात का?"

"हलला होता की नाही?"

"साडीने हलवला! मी नाही!"

"साडी कोण नेसलं होतं?"

"त्या मुलांना एक दिवस पायघोळ वेष्टी नेसवून खेळवा. मग बघू कोण किती मारतं."

हे मात्र खरं होतं. मी म्हणाले, "उद्या तासभर आधी माझ्या खोलीवर ये."

ती आली. मी माझी धुतलेली नऊवारी काढली.

"मी काय म्हातारी आहे? असं माझी आजी नेसते."

"तुझ्या आजीला कधी साडीत अडखळताना पाहिलंस?"

तोंड फुगवून ती उभी राहिली. मी कासोटा घट्ट खोचून दिला. पायाशी लोंबणारं काही ठेवलं नाही.

मैदानावर मास्तर म्हणाले, "हा वेष चालणार नाही."

"साडीच आहे, सार," मी म्हणाले. "कागदावर साडी म्हटलंय. किती वार ते लिहिलंय का?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "खेळ," म्हणाले.

खेळ बघायला आलेली चार-पाच मुलं ओरडली, "मडिसार मामी आली!" नऊवारी नेसणाऱ्या बायकांना तिकडे असं म्हणतात. तिचे कान लाल झाले. पहिला फटका तिने वाकडा मारला, चेंडू झुडपात गेला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या होलपासून तिने मुलांकडे बघणंच सोडलं. मुलं काही गप्प बसली नाहीत. ती खेळत राहिली. दोन दिवसांचे फटके मोजले तेव्हा ती तिसरी होती, चौथीपेक्षा दोन फटके कमी.

तिने माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं, दंड माझ्याच बोलण्याने पडला होता. वडिलांनी शब्द पाळला, पत्रिका परत पाठवल्या. पुढच्या आठवड्यात फलकावर नवा कागद लागला. साडी सहावारीच हवी.

बंगलोरला मुलींबरोबर एक शिकवणाऱ्या बाई जाणार होत्या. मी सामान घेऊन स्टेशनपर्यंत गेले. सहावारी नेसलेली ती खिडकीशी बसली होती.

"अक्का, तिथे चेंडू हलला आणि कोणी पाहिलं नाही, तर?"

"तू पाहशील ना."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"मग मला येऊन सांगू नकोस."

ती हसली. चार दिवसांनी परत आली, सामन्याचं सगळं सांगितलं, चेंडूचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.