बेटावरचा तांबोसा

चंदीगडला समुद्राचा मासा म्हणजे बर्फात पडून डोळे पांढरे झालेला पापलेट. तो आणण्यापेक्षा मी सरळ राजमा शिजवते. त्यामुळे यांच्या ऑफिसातले एक साहेब बेटांवरचं पोस्टिंग संपवून विमानाने परतले आणि त्यांनी थर्माकोलच्या पेटीतून अख्खा तांबोसा आमच्या क्वार्टरवर धाडला, तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. हातभर लांब, लालबुंद! त्यात वेंगुर्ल्याहून माझे बाबा आलेले. आल्यापासून पनीरकडे बघून तोंड वाकडं करत बसलेले बिचारे.

बाबांनी माशाची परीक्षा घेतली. कल्ला उचलून लाली बघितली, डोळा बघितला, अंगठ्याने पोट दाबलं. "ताजो फडफडीत," म्हणाले. आमच्याकडे परीक्षा इथे संपते. तो कुठल्या पाण्यात काय खाऊन वाढला, हे कोण विचारतं? हे मूळचे नागपूरचे, मासा म्हटला की आधीच सावध. यांनी आपलं सहज विचारलं, "बेटांवरचा मासा आपल्याकडच्यासारखाच असतो ना?" झालं! बाबा खवळले.

"तांबोसो तो तांबोसो. पाणी बदलला म्हणून जात बदलता काय? माका शिकवू नकात, जावयबापू."

डोकं वडीलधाऱ्याच्या ताटात, हा आमचा रिवाज. तिरफळं घालून आमटी केली आणि डोकं बाबांना वाढलं. त्यांनी ते चोखून चोखून हाडं पांढरी केली. आम्ही दोघांनी शेपटीकडचे तुकडे खाल्ले. लेक "मुझे नहीं चाहिए, स्मेल आ रही है" म्हणत नूडल्स घेऊन बसली. तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते.

संध्याकाळी बाबांच्या ओठांना मुंग्या आल्या. मग उलट्या, जुलाब. तोंड धुवायला बेसिनपाशी गेले आणि किंचाळलेच. "शिरा पडांदे! उकळता पाणी कोणी सोडल्यानी?" पाणी नळाचंच होतं, जानेवारीतलं, बोटं बधिर करणारं. त्यांना वेड लागलं की काय, असं वाटून मी हात घालून बघितला. माझ्याही बोटांना पोळलं. तशीच आम्ही त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने "मछली बासी होगी" म्हणून सलाइन लावलं. बासी? बाबांनी पारखलेला मासा? एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं, पण बाबांची नाडी मंद होत चालली होती आणि ते मला ओळखल्यासारखं करत नव्हते. मी नुसती त्यांचे पाय धरून बसले. देवा, एका माशापायी माणूस न्यायचा नाही रे, असं काहीबाही पुटपुटत होते.

मग एक वयस्क डॉक्टर आले. पूर्वी नौदलात होते म्हणे. त्यांनी मासा कोणता विचारलं नाही, मासा कुठून आला ते विचारलं. बेटांचं नाव काढल्यावर त्यांनी मान हलवली. मेलेल्या प्रवाळावर एक शेवाळ वाढतं, डोळ्यांना न दिसणारं, विषारी. ते बारक्या माशांच्या पोटात जातं, बारके मोठ्यांच्या पोटात, आणि विष मोठ्या माशांत साठत जातं. माशाला काही होत नाही, माणसाच्या मात्र नसा बिघडतात, गार पाणीही पोळतं. रंग तोच, चव तीच, आणि कितीही शिजवा, जात नाही. सगळ्यात जास्त डोक्यात आणि काळजात. तोच मासा दुसऱ्या किनाऱ्यावर साधे खेकडे-कोळंब्या खाऊन वाढतो आणि माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या खातात.

"आमच्याकडे नाही ना येणार हे?" मी विचारलं.

"प्रवाळ मरेल तिथे येऊ शकतं," ते म्हणाले. "कुठे आणि कधी, ते मी नाही सांगू शकत."

बाबा वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, निदान सहा महिने मासा बंद. एकदा विष भिनलेल्या अंगाला चांगला मासाही बाधतो. बाबा गावी गेले. घरासमोर समुद्र आणि पानात वरणभात. त्यांनी एवढं निमूटपणे काही पाळलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टरांची मुदत सरली, तरी वर आणखी दोन महिने त्यांनी माशाला हात लावला नाही.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "चेडवा, आज तांबोसो खाल्लंय. आपल्या बंदरावरचो. एकच तुकडी."

"मग?"

"ओठांक मुंग्यो इल्यो गो."

मी धीर दिला. म्हटलं, बाबा, ते जुनंच तुमच्या अंगातलं आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. माझं मलाच पटत नव्हतं. बाबा म्हणाले, "ह्या माझ्याच आंगात आसा, काय समुद्रात इला? सगळ्या वाडीन आज त्याच होडीचो मासो घेतलोहा."

मी त्यांचा फोन ठेवला आणि गावच्या घराशेजारच्या काकूंना लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला. मागे पोरांचा गलका, ताटांचा आवाज.

"काकू, ऐका, तो तांबोसा..."

"अगो, पानां वाढलंय, पोरां भुकेली हत," त्या हसत म्हणाल्या. "मागसून करतंय फोन." आणि त्यांनी ठेवला.