एक हजार ब्याण्णव खोकी

मुलुंडच्या एका कारखान्यात मी पत्रा कापायच्या प्रेसवर वायसर, म्हणजे बोल्टखालच्या चकत्या, काढायचे. माझं शिक्षण चौथी. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत मालकांनी कॉम्प्युटर आणला, त्याला वरच्या मजल्यावर काचेची केबिन केली आणि बारावी झालेली माझी मुलगी त्यावर सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. केबिनमध्ये चपला काढून जायचं. देवळासारखं, फक्त प्रसाद नाही.

तिचं काम मालाच्या खोक्यांची लेबलं छापायचं. लहान ऑर्डर असली की सुरळीत. मोठी असली की कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा आणि तिने भरलेलं सगळं पुसून जायचं. प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनियर दर मंगळवारी अंधेरीहून यायचा. तो म्हणाला, मुलगी चुकीची बटणं दाबते. मालकांनी ते मानलं. पुढच्या मंगळवारपर्यंत सुधारणा झाली नाही तर घरी बस, असं त्यांनी तिला सांगितलं.

ती जेवेनाशी झाली, सारखी रडायची. मला त्या रडण्याचाच राग आला. नेमकं कितव्या खोक्याला बंद पडतं, मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. म्हटलं, एकेक वाढवून बघ.

दोन दिवस तिने तेच केलं. एक हजार ब्याण्णव खोकी चालायची. त्र्याण्णवावं टाकलं की बंद. दर वेळी तिथेच. बटण चुकत असतं तर रोज वेगळ्या जागी चुकलं असतं.

मंगळवारी तिने हे इंजिनियरला सांगितलं, तर तो हसला. जेवणाच्या सुट्टीत तिने खाली येऊन मला तेवढंच सांगितलं. मी तशीच तेलाच्या हातांनी वर गेले. चपला काढल्या.

"साहेब, माझ्या प्रेसच्या काउंटरला चार घरं आहेत," मी म्हटलं. "नऊ हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुढच्या वायसरला तो शून्य दाखवतो. म्हणून आम्ही खडूने रेघ मारतो. तुमच्या यंत्राला घरं किती?"

त्याने कागद ओढला. एका लेबलाला तीस अक्षरांची जागा, गुणिले एक हजार त्र्याण्णव, झाले बत्तीस हजार सातशे नव्वद. मग मुलीला म्हणाला, प्रोग्रॅममध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे आकडा मावत नाही, काउंटरसारखा फिरतो, पण शून्याऐवजी उणे होतो. म्हणजे लेबलांसाठी प्रोग्रॅम उणे बत्तीस हजार अक्षरांची जागा मागत होता. अशी जागा नसते, म्हणून बंद पडत होता.

"रेघ मारायची राहिली तुमची," मी म्हटलं.

मालक आले तेव्हा त्याने सांगितलं, प्रोग्रॅममध्ये थोडी सुधारणा केली आहे, मोठी ऑर्डर आता दोन तुकड्यांत छापली जाईल. चूक कोणाची ते बोलला नाही. मालकांनी विचारलं नाही. मी तोंड उघडणार होते, मुलीने डोळ्यांनीच गप्प केलं. मालक तिला म्हणाले, आता तरी लक्ष देऊन काम कर. नोकरी राहिली.

घरी जाताना ती म्हणाली, "आई, पुन्हा वर येऊ नकोस. फरशीवर तेल सांडलंस. मला पुसायला लावलं."

"बरं," मी म्हटलं. पुन्हा गेले नाही.

सहा महिने भरले आणि ती कायम झाली. ते पत्र तिने खाली प्रेसवर आणून मला दाखवलं. माझे हात तेलाचे होते, म्हणून तिने ते लांबूनच धरलं.