फरशीवरचे दोन थेंब

मेहुण्याने कपाटातून बाटली काढली. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, महागडी टकीला. "दाजी, मीठ-लिंबू विसरा. आधी वास घ्या, मग घोट तोंडात धरा," पेला माझ्यापुढे करत तो म्हणाला. माझं बोट मात्र सवयीने पेल्यात बुडलं आणि दोन थेंब फरशीवर उडाले.

"अहो, ही काय उडवायची दारू आहे?"

बाबा असेच दोन थेंब उडवायचे, गेलेल्यांसाठी. मग नाक दाबून देशीचा ग्लास एका दमात रिचवायचे, चव कळूच नये म्हणून. आता त्या थेंबांत बाबांचाही वाटा असतो.

मी घोट धरला. करपलेल्या गुळासारखं काहीतरी जिभेवर पसरलं, मागून लाकडाचा वास आला. मेहुणा माझ्या तोंडाकडे बघत होता. "कशी आहे?"

इतकी वर्षं अंधारात गप्प राहिलेल्या गोष्टीचा निकाल एका घोटात कसा लावायचा? माझीही वर्षं गेलीच की. मी मुरलो, की नुसताच पडून राहिलो?

"छान आहे," म्हणालो आणि फरशीकडे पाहिलं. थेंब वाळले होते. या वेळी तरी बाबांनी नाक दाबलं नसेल ना?